हॅचरीतले मासे नदीत सोडण्याआधी: टाकी, ऑक्सिजन, फीडर, हापा आणि टॅग यांचा वापरानंतरचा आढावा

मासे सोडणाऱ्या गटांच्या खरेदीच्या याद्या चाळल्या की पैशांची वाटणी बहुतेक ठिकाणी सारखीच दिसते. सगळ्यात मोठी रक्कम वाहतुकीच्या टाकीवर जाते, त्याखालोखाल टॅगांवर, म्हणजे माशांना लावायच्या ओळखचिन्हांवर. मासा नदीत उतरल्यावर टिकावा म्हणून लागणाऱ्या वस्तूंना उरलीसुरली रक्कम मिळते. आमच्या मते ही वाटणी उलटी आहे, आणि खालचा सगळा आढावा त्याच नजरेतून लिहिला आहे.

प्रत्येक वस्तूला एकच कसोटी लावली आहे: सोडल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मासा जगायला तिचा किती हातभार लागतो? टाकीतून किती जिवंत उतरले, हा आकडा अहवालात छान दिसतो, पण तेवढ्याने काही ठरत नाही. हॅचरीत वाढलेल्या माशाला अन्न वरून पडताना दिसते, म्हणून तो पृष्ठभागाजवळ रेंगाळतो. वरून सावली पडली की खाली दडण्याऐवजी वर येतो, कारण सावलीपाठोपाठ खाद्य येते हे तो शिकलेला असतो. बगळ्यासाठी याहून सोपी शिकार नाही. प्रवाहात तासन्‌तास पोहायची त्याला सवय नसते, आणि हलणारे भक्ष्य त्याने कधी पकडलेले नसते. या उणिवा भरून काढणारी वस्तू आमच्या दृष्टीने आधी घेण्यासारखी, मग ती दिसायला कितीही साधी असो.

पाण्याखालचा फीडर: आधी हा घ्या

आपोआप खाद्य सोडणारा, पट्ट्यावर चालणारा साधा घड्याळी फीडर आणि त्याखाली पाण्यात उतरणारा ५० मिमी व्यासाचा पीव्हीसी पाइप, एवढेच हे साधन. पाइपाचे तोंड तळापासून १५-२० सेंमी वर ठेवायचे. तरंगणारे खाद्य सोडणीच्या किमान तीन-चार आठवडे आधी बंद करून हळू बुडणारे खाद्य सुरू करायचे. यामुळे मासा वर पाहायचे सोडून मधल्या आणि तळच्या थरात अन्न शोधू लागतो.

नुसता पाइप लावला तर आठवडाभरात हमखास तुंबतो. खाद्याचे दाणे पाइपातल्या ओल्या भिंतीला चिकटतात, फुगतात आणि बुच्चा बसतो. त्यावर उपाय म्हणजे पाइपाच्या वरच्या टोकाला पाण्याची बारीक धार सतत सोडून ठेवणे. दुसरी अडचण दादागिरीची. तोंड एकच असेल तर चार-दोन मोठे मासे ते अडवून बसतात आणि लहानांना मिळत नाही, मग सोडणीच्या वेळी आकारात मोठी तफावत निघते. म्हणून एका टाकीला दोन-तीन तोंडे लागतात. खाद्याच्या वेळाही ठरावीक नकोत, नाहीतर मासे घड्याळ शिकतात आणि वेळ झाली की जमतात. टाकीच्या कडेने गडद कापड लावले की माणसाचा आणि खाद्याचा संबंध तुटतो. हे कापड फीडरइतकेच महत्त्वाचे आहे आणि यादीत जवळजवळ कधीच नसते.

शेवटच्या दहा दिवसांत याच पाइपातून जिवंत खाद्य देता आले तर उत्तम: डॅफ्निया (पाणपिसू), रक्तकिडे (लाल अळ्या), लहान पिलांना आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव). उघड्या तळ्यातून गोळा केलेले जिवंत खाद्य मात्र टाळावे. त्यातून परजीवी येतात, आणि सोडणीच्या तोंडावर उपचाराला वेळ उरत नाही. स्वतंत्र टाकीत वाढवलेले जिवंत खाद्य नसेल तर गोठवलेले द्यावे. त्याने पकडण्याचा सराव होत नाही, पण वेगळी चव आणि वेगळा आकार तरी ओळखीचा होतो.

आडोसा आणि खडी

टाकीचा निम्मा ते दोनतृतीयांश भाग झाकणारी शेडनेट आणि पाण्यात टांगलेल्या गडद प्लास्टिकच्या झिरमिळ्या हा संच बिनदिक्कत घ्यावा. सावली आणि उजेड दोन्ही असले की मासा सावलीत राहायला शिकतो. पीव्हीसी पाइप उभे चिरून केलेले अर्धगोल तुकडेही आडोशाला चालतात, फक्त चिरलेली कड घासून गुळगुळीत केलेली हवी. धारदार कडेने परांना चिरा पडतात आणि तिथे बुरशी धरते.

खडीबद्दल आमचे मत थोडे आखडते आहे. खडीचा उपयोग निर्विवाद आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात १९९० च्या दशकात सॅमनवर प्रयोग झाले. तळाशी खडी, वर आच्छादन आणि पाण्यात फांद्या ठेवून वाढवलेल्या पिलांचा रंग ओढ्याच्या तळाशी जुळला, आणि ओढ्यात सोडल्यावर ती साध्या टाक्यांतल्या पिलांपेक्षा अनेक चाचण्यांत जास्त टिकली. फिक्या काँक्रीटवर वाढलेला मासा फिकाच असतो आणि गडद तळावर तो लांबूनही उठून दिसतो. पण मोकळी खडी टाकीत घातली की विष्ठा आणि उरलेले खाद्य तिच्या फटीत साठते, तळाशी ऑक्सिजन संपतो, अमोनिया वाढतो, आणि सफाईचा पाइप फिरवणे अशक्य होते. रेझिनमध्ये घट्ट बसवलेल्या खडीचे तक्ते मिळतात किंवा करून घेता येतात. रंग तोच, फटी नाहीत. तेही जमत नसेल तर टाकीचा आतला रंग गडद करून घ्यावा. रंग जुळायला काही आठवडे लागतात, त्यामुळे सोडणीच्या आदल्या आठवड्यात तक्ते घालून काही हाती लागत नाही.

पोहण्याच्या सरावासाठी पंप

गोल टाकीत पाणी कडेने तिरके सोडणारा पंप पुरतो. खास 'व्यायाम टाकी' म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूची गरज नाही. शरीराच्या लांबीच्या एक ते दीड पट वेग दर सेकंदाला हे बऱ्याच प्रवाही जातींना मानवते, म्हणजे १० सेंमीच्या बोटुकलीसाठी (बोटाएवढ्या पिलासाठी) सेकंदाला १० ते १५ सेंमी. हा वेग पाणी शिरते त्या तोंडाशी मोजून चालत नाही. तिथे तो नेहमीच फुगलेला दिसतो. कडेपासून हातभर आत, मासे प्रत्यक्ष पोहत असतील तिथे, मध्यम खोलीवर मोजावा. मध्यभागी वेग जवळजवळ शून्य असतो आणि दमलेला मासा तिथे जाऊन थांबतो. त्याला ती जागा मिळू द्यावी.

सरावाच्या वेळी ऑक्सिजन जास्त लागतो, म्हणून टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात मीटर ठेवून बघत राहावे. वाहतुकीआधी मासे उपाशी ठेवलेले असताना हा सराव बंद ठेवायचा.

शिकाऱ्याचा वास: विकत मिळत नाही, करावा लागतो

कमी खर्चात सगळ्यात जास्त देणारी गोष्ट कोणती, असे विचारले तर आमचे बोट इथे आहे. मधमाश्यांच्या नाचावरच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेले कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये दाखवले की मिनो या छोट्या माशाची त्वचा फाटली की पाण्यात एक पदार्थ मिसळतो आणि आसपासचे भाऊबंद घाबरून पांगतात. कार्प, कॅटफिश या मोठ्या गटात हा प्रकार सर्रास आढळतो. ट्राउट-सॅमनही आपल्या जातीच्या त्वचेच्या अर्काला तशीच प्रतिक्रिया देतात. हा अर्क आणि शिकाऱ्याचा वास एकाच वेळी पाण्यात आला की मासा तो वास धोक्याचा म्हणून लक्षात ठेवतो. हॅचरीतल्या रेनबो ट्राउटना पाइक या शिकारी माशाचा वास असा एकदाच शिकवला, तर तीन आठवड्यांनंतरही तो त्यांच्या लक्षात होता.

कृती अशी. त्याच तुकडीतले, आरोग्य तपासणी झालेले काही मासे वेदनारहित पद्धतीने मारून फक्त त्वचा काढावी. थंड, स्वच्छ पाण्यात ती वाटावी, काचलोकरीतून गाळावी आणि छोट्या कुप्यांत उणे २० अंशांवर गोठवून ठेवावी. शिकारी मासा स्वच्छ पाण्यात दिवसभर ठेवावा आणि ते पाणीही तसेच गाळून गोठवावे. सोडणीच्या आधीच्या दोन आठवड्यांत एक किंवा दोन वेळा दोन्ही एकत्र, टाकीच्या आत येणाऱ्या पाण्यातून सोडावे. मासे तळाशी जातात, गोठल्यासारखे थांबतात किंवा घट्ट थवा करतात. तसे दिसले की काम झाले.

रोज दिले की बिघडते. वास रोज येतो आणि काहीच होत नाही, हेही मासा शिकतो. दुसरी चूक कमी लोकांच्या लक्षात येते. हॅचरीचे पाणी ज्या तलावातून किंवा ओढ्यातून येते तिथेच तो शिकारी राहत असेल, तर त्याचा सौम्य वास माशांना अंड्यातून निघाल्यापासून येत असतो आणि त्यापायी कधी काही वाईट झालेले नसते. अशा माशांना तोच वास धोक्याचा म्हणून शिकवणे फार अवघड जाते. अर्क वाया गेला असे वाटण्याआधी पाण्याचा उगम तपासावा. शिकारी मासा जंगली पाण्यातला असेल तर त्याची टाकी, जाळे आणि बादल्या पूर्ण वेगळ्या ठेवाव्यात.

वाहतुकीची टाकी आणि ऑक्सिजन

टाकी कुठल्याही नावाची घ्या, चार गोष्टी पाहा. दुहेरी भिंत आणि मध्ये पॉलियुरेथेन फोमचा थर. गोलाई दिलेले आतले कोपरे. निचऱ्याच्या झडपेकडे उतार असलेला तळ. आणि मासा अंग न घासता बाहेर पडेल एवढी रुंद झडप. उतार नसलेल्या टाकीत शेवटचे वीस-तीस मासे हमखास तळाशी उरतात, मग कोणीतरी जाळे घेऊन आत वाकते आणि नेमक्या त्याच माशांचे खवले निघतात. टाकी काठोकाठ भरायची. अर्धवट भरलेल्या टाकीत वळणावर पाणी हिंदकळते आणि मासे भिंतीवर आपटतात. आतला रंग गडद असेल तर मासे शांत राहतात.

ऑक्सिजनसाठी सूक्ष्म बुडबुडे देणाऱ्या सिरॅमिकच्या तबकड्या सध्या सगळीकडे शिफारस केल्या जातात, आणि ऑक्सिजन विरघळवण्यात त्या खरोखर चांगल्या आहेत. पाण्यात सोडण्याआधी त्यांच्यात दाब सुरू करावा, नाहीतर छिद्रांत पाणी शिरून अर्धी तबकडी मुकी राहते. कडक पाण्यात त्यांच्यावर क्षार चढतात. सौम्य आम्लात भिजवून वेळच्या वेळी साफ केल्या तर त्या वर्षानुवर्षे चालतात. सिलिंडर एक मोठा घेण्यापेक्षा दोन छोटे, स्वतंत्र रेग्युलेटर आणि स्वतंत्र नळ्यांसह घ्यावेत. रेग्युलेटर बिघडतो तो रस्त्यातच.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यावर बहुतेक वाहतुका फसतात. १,००० लिटर पाण्यात १०० किलो मासे आहेत असे धरू. थंड पाण्यातला शांत मासा किलोमागे तासाला साधारण ३०० मिलिग्रॅम ऑक्सिजन वापरतो, म्हणजे तासाला ३० ग्रॅम. वायुरूपात हे सुमारे २३ लिटर होते. तबकडीतून निघालेल्या ऑक्सिजनपैकी पाचवा भागच विरघळतो असे धरले तरी मिनिटाला दोन लिटर पुरतात. चढवल्यानंतरच्या पहिल्या तासात घाबरलेले मासे याच्या दुप्पट-तिप्पट घेतात, तेव्हा फ्लोमीटर त्या हिशेबाने उघडावा. इथवर सगळे नीट करतात. पण त्याच ३० ग्रॅम ऑक्सिजनमागे मासे ३५ ते ४० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो बाहेर पडला नाही तर पाण्यात तासाला लिटरमागे ३५-४० मिलिग्रॅमने भर पडते. कार्बन डायऑक्साइड २० मिलिग्रॅमच्या वर रेंगाळू लागला की सॅमन-ट्राउटसारख्या माशांना त्रास सुरू होतो. रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकदच घटते. मीटरवर ऑक्सिजन १०० टक्क्यांच्या वर दिसत असतो आणि मासे मात्र तोंड वासून कल्ले हलवत असतात. चालक सिलिंडर आणखी उघडतो. त्याने काही होत नाही.

सूक्ष्म बुडबुडे इतके लहान आणि इतके कमी असतात की ते कार्बन डायऑक्साइड बाहेर काढत नाहीत. त्यासाठी पाणी हवेत उडवणारा १२ व्होल्टचा अ‍ॅजिटेटर किंवा मोठ्या बुडबुड्यांचा हवेचा ब्लोअर लागतो, आणि झाकणाला हवा आत-बाहेर होईल अशी खिडकी लागते. रबरी पट्टी लावलेले घट्ट बंद झाकण म्हणजे दर्जा, असा समज आहे. अशा झाकणाखाली अ‍ॅजिटेटर तीच तीच कार्बन डायऑक्साइडने भरलेली हवा घुसळत राहतो. फक्त सूक्ष्म तबकड्या असलेली टाकी तासाभरापेक्षा लांबच्या प्रवासाला आम्ही घेणार नाही. साधी तबकडी आणि चांगला अ‍ॅजिटेटर असेल तर घेऊ.

याला अमोनियाची जोड मिळते. प्रवासात कार्बन डायऑक्साइडमुळे सामू (पीएच) उतरतो, त्यामुळे साठलेला अमोनिया बहुतांशी निरुपद्रवी आयनरूपात राहतो. २५ अंशांना सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी अर्धा टक्का विषारी रूपात असतो, ८ ला पाच टक्क्यांच्या आसपास आणि ९ ला एकतृतीयांशाहून जास्त. म्हणजे नदीकाठी पोचल्यावर जोरात हवा सोडून कार्बन डायऑक्साइड झटक्यात काढला, किंवा जास्त सामूचे नदीचे पाणी टाकीत मिसळून तासभर वाट पाहिली, तर त्याच पाण्यातला अमोनिया विषारी होतो. पाणी पालटायचे तर जुने पाणी खालून सोडत, नवे वरून घेत, थांबून न राहता पालटावे. तापमानातला फरक दोन-तीन अंशांहून जास्त असेल तर पंधरा-वीस मिनिटांना एक अंश, यापेक्षा घाई नको. फरक मोठा असेल तर हॅचरीतच आदल्या दिवशी पाणी नदीच्या तापमानाकडे आणून ठेवणे हा जास्त शहाणपणाचा मार्ग आहे.

अमोनिया मुळातच कमी ठेवायचा उपाय फुकट आहे: मासे उपाशी ठेवणे. उबदार पाण्यात २४ तास, थंड पाण्यात ४८ ते ७२ तास. बोटुकलीहून खूप लहान, नुकत्याच खाऊ लागलेल्या पिलांना, म्हणजे जिऱ्यांना, इतके उपाशी ठेवता येत नाही. त्यांना पाण्याचे प्रमाण जास्त द्यावे.

लहान तुकड्यांसाठी पॉलिथिनच्या पिशव्या अजूनही चांगल्या. एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन, पिशवी दुहेरी. खालचे दोन्ही कोपरे रबराने बांधून टाकावेत. बोटुकली कोपऱ्याच्या घडीत अडकून गुदमरते, आणि पिशवी उघडल्यावर मेलेले मासे बहुधा तिथेच सापडतात.

पाण्यात घालायचे पदार्थ

मीठ घ्यावे. लिटरमागे ३ ते ५ ग्रॅम, आयोडीन आणि गुठळी-रोधक पदार्थ नसलेले. हाताळणीत बुळबुळीत थर घासला गेला की गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगातले क्षार झिरपत राहतात, ती गळती मीठ कमी करते. 'बुळबुळीत थर परत आणणारी' म्हणून येणारी महागडी द्रावणे मिठापेक्षा काही वेगळे देतात असे आम्हाला जाणवले नाही.

झिओलाइट (एक सच्छिद्र खनिज) अमोनिया शोषतो, हे गोड्या पाण्यात खरे आहे. मिठाच्या पाण्यात तो शोषलेला अमोनियम परत सोडतो, कारण मीठ हेच त्याला धुऊन मोकळे करायचे साधन आहे. दोन्ही एकाच टाकीत घालायला सांगणारी माहितीपत्रके फिरत असतात. त्यांच्या नादी लागू नये.

भूल देण्यासाठी ट्रायकेन, म्हणजे एमएस-२२२, लवंग तेलापेक्षा जास्त भरवशाचे. मात्रा नेमकी ठेवता येते आणि मासा लवकर सावध होतो. ते आम्लधर्मी आहे, म्हणून त्याच्या वजनाइतका ते दुप्पट खाण्याचा सोडा बरोबर घालावाच लागतो. हे विसरले की मऊ पाण्यात सामू कोसळतो आणि मासे भुलीआधीच तडफडतात. टॅगसाठी लिटरमागे ५० ते १०० मिलिग्रॅम, जात आणि तापमान पाहून, आधी पाच-सहा माशांवर चाचणी घेऊन. लवंग तेल थंड पाण्यात विरघळत नाही. एक भाग तेल नऊ भाग अल्कोहोलमध्ये मिसळून मग पाण्यात घालावे, नाहीतर तवंग वर राहतो आणि एका बाजूचे मासे मरतात. दोन्हींबाबत लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे सोडलेला मासा कोणाच्या तरी गळाला लागून ताटात जाऊ शकतो. अमेरिकेत खाण्याच्या माशांसाठी एमएस-२२२ नंतर २१ दिवस थांबण्याचा नियम आहे. म्हणून टॅगिंग सोडणीच्या तोंडावर न करता तीन आठवडे आधी उरकावे. त्या काळात जखमही भरते आणि गळून पडलेले टॅग हॅचरीतच मोजता येतात.

मीटर आणि टॅग, थोडक्यात

ऑक्सिजन मीटर ऑप्टिकल घ्यावा. पडद्याच्या मीटरला टोकाशी पाणी वाहते ठेवावे लागते आणि टाकीच्या शांत कोपऱ्यात तो कमी आकडा दाखवतो. टाकीत मीठ घातले की क्षारतेची दुरुस्ती मीटरमध्ये भरावी. बोअरचे पाणी वापरत असाल तर पाण्यात विरघळलेल्या वायूंचा एकूण दाब मोजणारा मीटर उसना का होईना मिळवा. ११० टक्क्यांच्या वर माशांच्या परांत आणि कल्ल्यांत बुडबुडे धरू लागतात, आणि ऑक्सिजनचा मीटर हे सांगत नाही. पंपाच्या ओढ-नळीतली बारीक गळतीही हेच करते.

टॅगमध्ये १२ मिमीचा पिट टॅग (अंगात बसवायची इलेक्ट्रॉनिक चिप) अजून सर्वोत्तम: बॅटरी नाही, प्रत्येक मासा वेगळा ओळखू येतो. टॅगचे वजन शरीराच्या दोन टक्क्यांच्या आत असावे, हा जुना ठोकताळा लहान बोटुकलीला पाळावा. पण पिट टॅग जवळूनच वाचता येतो. नदीत वाचणारा अँटेना कुठे बसवणार हे ठरलेले नसेल तर हजारो पिट टॅग घेऊ नयेत. मोठ्या संख्येच्या तुकडीला १.१ मिमी लांबीचा कोडेड वायर टॅग (सांकेतिक क्रमांक कोरलेला तारेचा तुकडा) परवडतो, फक्त तो वाचायला मासा मारावा लागतो. फक्त 'आपला की जंगली' एवढेच हवे असेल तर रंगीत इलास्टोमर (कातडीखाली टोचायचा रबरासारखा रंग) पुरे.

हापा: सोडणीच्या जागेवरचा पिंजरा

बिनगाठीच्या नायलॉन जाळीचा हापा घ्यावा. गाठी असलेली जाळी स्वस्त असते, पण ती खवले खरवडते. जाळीचा डोळा माशाच्या डोक्याच्या जाडीपेक्षा स्पष्टपणे लहान हवा. डोके आत जाऊन कल्ल्याशी अडकणे हाच हाप्यातल्या मरतुकीचा मोठा भाग असतो, म्हणून तुकडीतला सगळ्यात लहान मासा हातात धरून डोळा ठरवावा, सरासरी मासा धरून नव्हे. वर पक्ष्यांसाठी जाळी, आणि पाणमांजर किंवा कासवे असतील तिथे बाहेरून हातभर अंतरावर दुसरी, जाड जाळी. मासे आतल्या जाळीला टेकतात आणि बाहेरून चावले जातात, तेव्हा दोन्हींत अंतर हवेच.

वाहतुकीचा ताण बहुतेक जातींत दिवसभरात ओसरू लागतो. ४८ ते ७२ तास हाप्यात ठेवले की मासे पाण्याची चव, प्रवाह आणि आवाज यांना सरावतात आणि दमून-भागून शिकाऱ्यांपुढे जात नाहीत. स्थलांतर करणाऱ्या सॅमनसारख्या जातींना समुद्राकडे निघण्याच्या वयात त्याच नदीचे पाणी मिळाले नाही, तर मोठेपणी त्यातले अनेक दुसऱ्याच नदीत चढू शकतात. त्यांना काही आठवडे त्या पाण्यात ठेवणे ही गरज आहे. शांत तलावातल्या जातींसाठी हाप्याचा फायदा दर वेळी तितका ठळक दिसत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

हापा बांधून निघून जाणे ही सगळ्यात महागात पडणारी चूक. शेवाळ धरले की जाळीतून पाणी जाणे घटत जाते. शेवाळाच्या तलावात ऑक्सिजन पहाटे सूर्योदयाआधी तळाला जातो, तेव्हा त्या वेळचा एक आकडा दिवसभरातल्या दहा आकड्यांपेक्षा जास्त सांगतो. आणि दोन-तीन दिवसांत पाणकावळे व शिकारी मासे हाप्याभोवती जमू लागतात. तसे झाले तर हापा तिथेच उघडू नये. सावकाश ओढत शे-दोनशे मीटर दूर न्यावा.

उघडायचा तो अंधार पडताना, एक बाजू पाण्याखाली सोडून, मासे आपणहून जातील असा. हलवून, झटकून बाहेर काढले की तीन दिवसांची कमाई तासात जाते. सकाळी आत उरलेले मासे पाहावेत: झिजलेले पर, वाकडा कणा, पांढरे डाग असलेले निघाले तर ते सोडायचे नाहीत. सगळी तुकडी एकाच घाटावर ओतण्यापेक्षा चार-पाच जागी विभागावी. दर वर्षी तीच जागा धरली की पक्षी ती ओळखू लागतात.

पाइपाने सोडायचे असेल तर आतून गुळगुळीत, लवचीक पाइप, टोक पाण्यात बुडालेले, आणि मासे जाण्याआधी व नंतर पाइपात पाणी वाहते ठेवलेले. टोक पाण्यावर राहिले की मासे पडतात आणि काही काळ बधिर होऊन पृष्ठभागावर तरंगतात.

एका बाबतीत मात्र यातले कोणतेच साहित्य कामाचे नाही. ऑरेगॉनमधल्या हूड नदीत स्टीलहेड ट्राउटच्या वंशावळी जनुकीय तपासणीने मांडल्या गेल्या. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हॅचरीत काढलेल्या दर पिढीमागे नदीतली प्रजननक्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटलेली दिसली. हॅचरीतल्याच माशांना पुन्हा पुन्हा आईबाप करणाऱ्या केंद्राकडून बोटुकली घेतली, तर उत्तम फीडर आणि उत्तम हापा लावूनही तोटा वंशात उतरतो. म्हणून पुरवठादाराला टाकीच्या लिटरांआधी हे विचारावे: आईबाप कोणत्या नदीतले, किती जोड्या, आणि दर वर्षी त्यात जंगली किती?

शेवटची बाब टाकीतल्या पाण्याची. मासे सोडून झाल्यावर उरलेले पाणी नदीत ओतायची सवय सगळीकडे दिसते. त्यात हॅचरीतले रोगजंतू, गोगलगायी, शिंपल्यांच्या अळ्या असू शकतात. ते काठापासून दूर, जमिनीत मुरेल तिथे सोडावे. जाळी, बूट, पाइप आणि झडपेचा आतला खाचा आयोडोफोरच्या (आयोडीनयुक्त जंतुनाशकाच्या) द्रावणाने, आयोडीन लिटरमागे १०० मिलिग्रॅम आणि दहा मिनिटे, धुवावा आणि पूर्ण वाळू द्यावा. झडपेचा खाचा बहुतेक जण विसरतात. टाकी निवडताना तो हाताने उघडून साफ करता येतो का, हे दुकानातच करून पाहावे.